म्हस्कू आबांचे कलम

१ मार्च १९९७, शनिवार. नळाला पाणी उशिरा आले. मेथी घेतली; वांगी किडकी निघाली म्हणून परत केली. दुपारी इब्राहिमभाईंबरोबर एसटी स्टँडवर ज्येष्ठांच्या संघाची पत्रके वाटली. ऊन फार. इंदापूर गाडीच्या फलाटावर एक म्हातारा बायकोच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होता. गाडी सुटायची वेळ झाली, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, तरी म्हाताऱ्याचा हात हलला नाही. मला ओळखतो म्हणाला. संध्याकाळी पाय दुखले; मिठाच्या पाण्याने शेकले.

त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. नाव लिहिलेले नाही, कारण ते मी विचारलेच नव्हते. पुण्याला कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये शिकत असताना रोज झोपण्यापूर्वी दिवसाचे चार शब्द लिहायची सवय सिस्टरांनी लावली, ती सुटली नाही. त्या नोंदींच्या आधारानेच म्हस्कू आबांविषयी लिहिते आहे.

गाडी गेल्यावर म्हातारा वळला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी, पायांत जाड वहाणा.

“तुमी डाक्टरीणबाई न्हवं?” तो म्हणाला. “धुमाळ डाक्टरांच्या?”

माझे यजमान बारामतीला जनावरांचे डॉक्टर होते. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण तालुक्यातले मेंढके अजून मला डॉक्टरीणबाई म्हणत.

“आमच्या मेंढरास्नी त्येंनी सुया दिल्याल्या. त्या साली येक बी दगावलं न्हाय.”

मी विचारले, “हे औषध रोज घालायचं असतं. आज तुम्ही घातलंत, उद्या कोण घालणार?”

“उद्या कोन न्हाय,” तो म्हणाला. “आता फुडच्या येक तारखेला.”

मला कळेना. मग त्याने शेजारी बसून सगळे सांगितले.

हेच म्हस्कू आबा. त्यांना दोन मुलगे. थोरला हिंदुराव निमगाव केतकीला, धाकटा बापू लोणी भापकरला सासुरवाडीत घर बांधून राहिलेला. मेंढरे विकून आबांनी निमगावला कालव्याखालची जमीन घेतली होती. दोघांच्या नावावर ती करून दिली आणि मग आईबापांची पाळी ठरली. आमच्याकडे कालव्याचे पाणी पाळीने मिळते. आज तुमच्या शेताला, चार दिवसांनी शेजाऱ्याच्या. तशीच ही. एक महिना म्हातारा निमगावला आणि म्हातारी लोणीला, पुढच्या महिन्यात म्हातारी निमगावला आणि म्हातारा लोणीला. दोघांना एका घरी ठेवायचे नाही, कारण मग दुसरे घर रिकामे राहते. हिंदुरावाच्या शेळ्यांमागे माणूस लागे, बापूची पोरे सांभाळायला माणूस लागे. शिवाय दोघांचा भार एकावर नको, हा भावाभावांचा न्याय. भांडण नव्हते. सुना वेळेवर भाकरी वाढत. कोणी हात उगारत नसे. गावात कोणाला त्यात वावगे दिसत नव्हते.

दर महिन्याच्या एक तारखेला पाळी बदले. निमगावहून एक गाडी येई, लोणीहून एक, आणि बारामतीच्या स्टँडवर दोघांची गाठ पडे. दुपारच्या गाड्या सुटेपर्यंत काय ते.

नंतरच्या महिन्यांत त्या वेळेला मीही स्टँडवर जाऊ लागले. आबांच्या पत्नी सारजाबाई भाकरी आणि ठेचा बांधून आणत. आबा निमगावच्या मळ्यातली खायची पाने ओल्या फडक्यात गुंडाळून आणत, आणि लोणीहून येताना काही नसले तर वाटेतली बोरे. जेवण झाले की आबा सुईत दोरा ओवून देत आणि सारजाबाई त्यांच्या सदऱ्याची तुटलेली बटणे लावत. त्यांना दोरा ओवण्याइतके दिसत नव्हते, पण बटण बोटांना दिसे. मग आबा खिशातून बाटली काढत.

“डाक्टरीणबाई, ह्यास्नी सांगा,” सारजाबाई म्हणत, “थेंब डोळ्यात घालायचा आसतो, कानात न्हाय.”

“तू डोळा मिटलास तर मी काय करू? तुझ्यापरीस मेंढरू बरं, मान धरता येती.”

“धरा की मान. आयुष्यभर दुसरं काय केलं?”

मी एकदा सारजाबाईंना सांगून पाहिले की सुनेकडून रोज थेंब घालून घ्या. त्या म्हणाल्या, “सून घालंल की. पर मलाच नगं वाटतं. कुणाच्या म्होरं मान टाकायची म्हंजी...” आणि भाकरीचे फडके झटकले.

लग्न झाल्यापासून ही दोघे मेंढरांमागे हिंडली होती. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, पावसाच्या आधी परत वर. घोड्यावर संसार, त्यावर पोरे, मागे सारजाबाई, पुढे आबा. घर म्हणजे रोज नवे शेत. छप्पर नव्हते, पण एकमेकांवाचून रात्र काढलेली त्यांना आठवत नव्हती. छपराखाली आल्यावर ती वेगळी झाली.

आमचा संघ म्हणजे आठ-दहा म्हातारी माणसे. कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झालेले दादासाहेब अध्यक्ष. इब्राहिमभाईंच्या सायकल दुकानामागच्या खोलीत बैठक होई. टायरच्या वासात बसून आम्ही कायदा मागत असू. मुलांनी आईवडिलांची जमीन घेतली तर त्यांना सांभाळण्याची जबाबदारी सरकारने बांधून द्यावी, न सांभाळल्यास जमीन परत मिळावी, दाद मागायला वकील लागू नये, असे मसुद्यात होते. दादासाहेबांनी तो सुवाच्य अक्षरात लिहिला होता. आम्ही मुंबईला पाठवत असू, तिकडून पोच येई.

एप्रिलमध्ये आबा बैठकीला आले. मसुदा शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि म्हणाले, “ह्यात नवराबायकूचं काय?”

“काय म्हणजे?” दादासाहेबांनी विचारले.

“त्येंची पाळी लावू नये म्हून.”

दादासाहेब हसले, पण कागद पुढे ओढून त्यांनी लिहिले : ‘आईवडील दोघेही हयात असल्यास त्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध वेगवेगळ्या घरी ठेवू नये.’

“परत वाचा,” आबा म्हणाले.

पुन्हा वाचले. “अजून येकदा.” तिसऱ्या वेळी त्यांचे ओठही हलत होते. त्या दिवसापासून आम्ही त्याला आबांचे कलम म्हणू लागलो. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण ते कलम त्यांना शब्दन् शब्द पाठ झाले. कुठल्याही गावी पारावर बसले की ते आधी आपल्या बोलीत बोलत आणि मग एकदम सावरून बसून, शाळेतल्या मुलासारखे, ‘आईवडील दोघेही हयात असल्यास’ सुरू करत.

निमगावच्या महिन्यात ते शेळ्यांमागून वेळ काढून इंदापूर तालुक्यातली गावे फिरत, लोणीच्या महिन्यात बारामतीकडची. आमच्यापैकी कोणाला जमणार नाही ते काम त्यांनी केले. माणसे त्यांच्याशी बोलत. “जलमभर मेंढरं हाकली,” ते मला म्हणाले, “आता म्हातारी हाकतोय. मेंढरं बरी व्हती. येक वळलं की समदी वळायची.”

लासुर्ण्याच्या बानूबाईंची हकिगत त्यांनीच आणली. मुलगा उसाचा बागायतदार. बानूबाई गोठ्यात झोपत. त्यांचे ताट वेगळे, गोठ्याच्या वळचणीला ठेवलेले. हे त्यांनी आबांना बांधावर बसून सांगितले आणि म्हणाल्या, कोणी विचारणारा आला तर मी बोलेन. अशी बोलायला तयार झालेली माणसे हळूहळू वाढली. प्रत्येकाकडून आबा एकच वचन घेत : साहेब आले की बोलायचे, मागे फिरायचे नाही. “पैला मी बोलतो,” ते सांगत. “मंग तुमी.”

गणपतीनंतर निरोप आला. असा कायदा करावा का, यावर लोकांचे ऐकून घ्यायला मुंबईहून तिघांची समिती हिंडणार होती आणि एक दिवस इंदापूरला बसणार होती. दादासाहेबांनी ते पत्र वाचताना चष्मा दोनदा पुसला. इब्राहिमभाईंनी चहा सांगितला. आबांनी चहा बशीत ओतून घेतला. चहा संपल्यावर म्हणाले, “पोरास्नी बी बोलवाय पायजे.”

“कोणाच्या पोरांना?”

“समद्यांच्या. ज्येच्या घरचं बोलणार त्येच्या पोराला.”

दादासाहेबांनी कप खाली ठेवला. “आबा, मी उभी हयात कोर्टात काढली. फिर्यादी आपल्या हातानं आरोपीला गाडीत घालून आणतो, हे कधी पाहिलं नाही.”

“आरोपी कशाला म्हणता? पोरं हायती.”

“अहो, ती समोर बसल्यावर म्हातारी बोलतील का?”

“पाठीमागं बोललेलं आमच्यात धरत न्हायती,” आबा म्हणाले. “जमातीची बैठक बसली की ज्येच्याविशयी बोलायचं त्येला आदी सांगावा धाडायचा. त्यो आला, बसला, पान खाल्लं, मंगच तोंड उघडायचं. न्हायतर ती चहाडी. माझ्या बानं बैठकी केल्या, मी बी केल्या. चहाडी करून कायदा आणला तर त्यो कायदा काय कामाचा?”

मी दादासाहेबांच्या बाजूने बोलले. इब्राहिमभाई मात्र म्हणाले, “बाई, आबांचं एका अंगानं खरं आहे. बोलून झाल्यावर म्हातारं जाणार कुठं? त्याच घरी. माघारी बोललं असं कळलं तर मग आहे का काही?”

आबांनी आणलेल्या माणसांवरच दिवस उभा होता. आबा ऐकेनात. शेवटी त्यांच्या मनासारखे झाले. आबा घरोघर गेले, प्रत्येक मुलाच्या हातात निमगावची पाने ठेवली आणि म्हणाले, मुंबईचे साहेब येणार आहेत, आईला घेऊन ये, बापाला घेऊन ये, तूही बस. लग्नाला बोलवावे तसे बोलावले. आपल्या दोन्ही मुलांनाही तसेच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार. इंदापूरच्या एका मंगल कार्यालयात समिती बसणार होती. मी, दादासाहेब आणि इब्राहिमभाई सकाळी लवकर पोहोचलो. उसाच्या गाड्यांनी रस्ता भरलेला होता. थोड्या वेळाने माणसे येऊ लागली आणि दादासाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, “वहिनी, संपलं.”

जीपमधून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, मोटरसायकलवर मागे बसून म्हातारी माणसे येत होती. सगळी न्हालेली. धोतरे कोरी, टोप्या कोऱ्या. म्हाताऱ्यांच्या दाढ्या त्या सकाळीच केलेल्या. एकाच्या हनुवटीवर कापल्याचे रक्त सुकले होते. साहेबांसमोर जायचे म्हणजे नीटनेटके जायचे. मुलांनी आपापल्या आईबापांना पाहुण्यांत न्यावे तसे सजवून आणले होते. कोणी मुद्दाम लबाडी केली असे मला तेव्हाही वाटले नाही, आजही वाटत नाही. बोलावणेच तसे गेले होते.

बानूबाई नवे लुगडे नेसून आल्या. कापडाची घडी अजून मोडली नव्हती, पदराला दुकानाची चिठ्ठी तशीच होती. नातू मांडीवर बसवला होता. शेजारी मुलगा, सून.

आबा बापूबरोबर जीपमधून उतरले, कारण नोव्हेंबर त्यांचा लोणीचा होता. सारजाबाई हिंदुरावाच्या माणसांत, बायकांच्या बाजूला बसल्या. त्यांनी इकडे तिकडे मान फिरवली. आबा कुठे बसलेत ते त्यांना दिसत नव्हते हे मला कळले, पण तोवर समिती येऊन बसली होती.

तिघेही सभ्य होते. त्यांतल्या एक बाई वयाने आमच्याहून थोड्या लहान, बोलणे मऊ. दादासाहेबांनी मसुदा वाचला, आबांच्या कलमासकट. मग त्या बाई म्हणाल्या, “आता आजी-आजोबांनी सांगावं. मोकळेपणानं बोला, घाबरू नका.”

आबा कबूल केल्याप्रमाणे पहिले उठले. पटका सारखा केला. मागे वळून हिंदुरावाकडे पाहिले, मग बापूकडे. दोघेही हात जोडून बसले होते. आबा पुन्हा समितीकडे वळले. घराघरांत सांगितलेले ते पाठ वाक्य मी त्यांच्या ओठांवर शोधत होते.

“पोरं बरी हायती,” ते म्हणाले. “खायाप्यायाचं कमी न्हाय.”

बाईंनी मान डोलावली. “छान. काही अडचण?”

“तसं काय न्हाय. फकस्त...” त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिले. “म्हातारीला दिसत न्हाय. म्हैन्याच्या म्हैन्याला येष्टीनं जायाचं म्हंजी तरास व्हतो तिला.”

आबा आडून बोलत होते. एवढे सांगितले की शहाणी माणसे पुढचे ओळखतील, असे त्यांना वाटले असावे. बैठकीत असेच बोलतात. अर्धे सांगायचे, उरलेले पंच समजून घेतात.

बाईंनी मुलांना उभे केले. हे कसले येणे-जाणे, विचारले. हिंदुरावाने हात जोडूनच पाळी समजावून सांगितली, काही लपवले नाही. ऐकून बाईंना खरेच वाईट वाटले. “अहो, या वयात, डोळ्यांनी दिसत नसताना दर महिन्याला एसटीचे धक्के? त्यांना अजिबात हलवू नका. जे जिथं आहेत तिथं राहू देत.”

“व्हय म्याडम,” हिंदुराव म्हणाला. “चुकलं आमचं. आजपासनं आईचा परवास बंद.”

बापू म्हणाला, “बाचा बी बंद.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठले. मी म्हणाले की प्रवास ही अडचण नाही, या दोघांना एका घरी राहायचे आहे आणि त्यासाठीच मसुद्यात कलम आहे. बाईंनी कागदात पाहिले, ते कलम शोधले आणि आबांना प्रेमाने विचारले, “आजोबा, तुम्हाला आजींबरोबर राहायचंय का?”

मागून पहिल्यांदा कोणी हसले ते दिसले नाही. मग सुनांनी पदर तोंडाला लावले. एका पोराने हाक दिली, “आबा, परत लगीन लावायचं काय?” सगळे कार्यालय हसले. सारजाबाईंनी पदर कपाळावरून इतका खाली ओढला की चेहरा दिसेना. आबाही हसले. लोकांच्या हसण्यात आपले हसू मिसळून हात हलवत म्हणाले, “न्हाय न्हाय, तसलं काय न्हाय,” आणि खाली बसले.

त्यानंतर बानूबाई म्हणाल्या की सून लेकीसारखी आहे. त्यांच्यामागून जो उठला त्याने तेच सांगितले. काही जण उठलेच नाहीत. दुपारच्या आत काम आटोपले. मुलांनी आम्हालाही आग्रहाने जेवायला थांबवले.

जीप सुटण्यापूर्वी आबा माझ्याजवळ आले. त्यांच्या सदऱ्याचे एक बटण लोंबत होते.

“डाक्टरीणबाई,” ते म्हणाले, “अजून मी काय मागितलंच न्हवतं, आन् लोकं हसली.”

बापूने हॉर्न वाजवला. ते गेले.

१ डिसेंबरला सोमवार होता. मी नेहमीच्या वेळी स्टँडवर गेले. आबा आलेले होते. बापूला सांगून आले नव्हते. एका ओळखीच्या ट्रकवाल्याने आणून सोडले होते. निमगावकडून येणारी गाडी लागली की ते उठून दारापाशी उभे राहत, सगळे उतरेपर्यंत बघत आणि परत येऊन बसत. पाळी बंद झाली हे त्यांना ठाऊक होते. सारजाबाईंना कोणी गाडीत बसवून दिल्याशिवाय येता येणार नाही हेही ठाऊक होते.

“कशाला थांबता?” मी विचारले.

“सवं पडलीया,” ते म्हणाले.

ऊन उतरल्यावर त्यांनी बाटली काढून माझ्या हातात दिली. “तिकडं कोन जाणार आसंल तर.”

इब्राहिमभाई दुसऱ्याच दिवशी निमगावला जाऊन आले. सुनेने चहा केला, बाटली घेतली, कोनाड्यात ठेवली. सारजाबाईंनी विचारले, कोण आलंय. नाव सांगितल्यावर म्हणाल्या, “ह्यांचं बरं हाय न्हवं?” सून समोर होती. पुन्हा दोन महिन्यांनी इब्राहिमभाई गेले तेव्हा बाटली कोनाड्यात तशीच, झाकण न उघडलेली होती.

मी हिंदुरावाला भेटले. त्याने मला खाटेवर बसवले, स्वतः खाली बसला. माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “काकी, समद्या तालुक्याम्होरं सायबांनी सांगितलं. आता आमी हलवलं आन् वाटंत काय झालं, तर लोकं आमाला काय म्हणतील?” मी म्हणाले, मग वडिलांना इकडे आणा, कायमचे. तो म्हणाला, “बापूचं घर उघडं पडतं. आन् बा तरी कुठं म्हणाला, मला यायचंय म्हून? तुमच्याम्होरंच इचारलं की त्येला.”

बापूचे उत्तरही तेच होते, फक्त घर दुसरे.

पुढच्या वर्षी समितीच्या अहवालातला आमच्या भागाचा उतारा दादासाहेबांना मिळाला. या भागात कुटुंबे अजून आईवडिलांना मानाने वागवतात, असे त्यात होते. दाम्पत्याला एकत्र ठेवण्याच्या कलमाविषयी लिहिले होते की सुनावणीत कोणाही व्यक्तीने ती मागणी केली नाही, सबब विचार करण्याचे कारण नाही. दादासाहेबांनी ते आम्हाला वाचून दाखवले. त्या दिवशी खोलीत आम्ही चौघेच होतो. “बरोबर लिहिलंय,” ते म्हणाले. “एक शब्द खोटा नाही.” त्यानंतर त्यांनी बैठक बोलावली नाही. मी आणि इब्राहिमभाईंनी पत्रके काही दिवस वाटली. लोक घेत, आणि त्यांत शेंगा बांधून नेत.

आबांना मी त्यानंतर एकदाच पाहिले, लोणीला. उन्हाळ्याचे दिवस होते. ओट्यावर बापूचे धाकटे पोर खांद्यावर घेऊन झोपवत होते. सदरा दोन ठिकाणी उघडा पडला होता, बटणांच्या जागी बाभळीचे काटे टोचले होते. सून म्हणाली, “म्या लावून देते म्हणते तर देत न्हायती.” ती खरे सांगत होती. आबांनी तिला नव्हे, मला उत्तर दिले, “ऱ्हाऊ द्या. उकडतंय.” मी अहवालाचे सांगितले. त्यांनी विचारले, “आपलं कलम ऱ्हायलं का त्यात?” मी नाही म्हणाले. पोर रडू लागले म्हणून ते उठले. ओट्यावर फेऱ्या मारत ते पोराला पुटपुटत होते. जवळून गेले तेव्हा ऐकू आले. ते ‘आईवडील दोघेही हयात असल्यास’ होते. पोर त्यावर झोपले.

९ जानेवारी १९९९, शनिवार. दुपारी इब्राहिमभाई आले. सायकल न टेकवताच दारात उभे राहिले. आबा पहाटे लोणीला वारले. आदल्या दिवसापर्यंत हिंडतफिरत होते. इब्राहिमभाई मातीला जाऊन तिकडूनच येत होते. मी पाणी दिले. ते बसले, आणि मग सावकाश सांगितले.

निमगावहून हिंदुरावाने आईला जीपमधून आणले. कसलाही त्रास झाला नाही, तासा-दीड तासात पोहोचल्या. अंगणात माणसांची गर्दी होती. सुनेने धरून जवळ बसवले. सारजाबाई रडल्या नाहीत. त्यांनी आधी आबांचे पाय चाचपले, मग हात, मग सदऱ्यावरून बोटे फिरवली, वरून खाली. एका जागी बोटे थांबली, पुन्हा वर गेली. मग त्या म्हणाल्या, सुई आणा. सुनेने विचारले, “आत्त्या, आता कशाला?” त्या म्हणाल्या, “दोरा ववून आणा. मला दिसत न्हाय.” बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोणी आणली नाही. तोवर पुरुषमंडळी उठवायला आली.

“सारजाबाईंना आता लोणीलाच ठेवतात का?” मी विचारले.

“नाही,” इब्राहिमभाई म्हणाले. “दहाव्यापर्यंत तिथं, मग निमगावला. थोरल्याकडेच.” पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाले, “आता पाळीचा प्रश्नच नाही.”

ते गेल्यावर मी दिवा लावला. दादासाहेबांना निरोप पाठवला. त्यांचा नातू परत येऊन म्हणाला, आजोबा झोपलेत. मी वही काढली, तारीख घातली, आबांचे नाव पूर्ण लिहिले. त्याखाली पुढचे लिहिले :

विरजण लागले नाही. थंडी आहे. पातेले गोधडीत गुंडाळून ठेवले.